घटका कामाची, घटका विसाव्याची

काम करणारा मनुष्य मध्येंच हात थांबवितो, तेव्हां तो कामाची चोरी करतो कीं पुढील कामाची तयारी करतो, या साध्या प्रश्नाचा निकाल लावण्यांत अनेक पिढ्या गेल्या. वेळ लावून कामास बसावें, ठराविक मिनिटांनीं उठावें आणि पुनः बसावें, ही रीत आज विद्यार्थ्यांत व कचेऱ्यांत परिचित आहे. परंतु तिची पूर्वपीठिका अभ्यासिकेंत शोधूं गेल्यास ती सांपडावयाची नाहीं. त्यासाठीं गिरण्या-कारखान्यांच्या आवारांत जावें लागतें.

काळाचे लहान तुकडे पाडणें आपल्याकडे नवें नव्हतें. तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी. ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे २४ मिनिटें, झाली. अशा ६० घटकांचें अहोरात्र. परंतु लग्नघटकेची वाट पाहणारी ही वाटी कोणाच्या श्रमाचा हिशेब ठेवण्यासाठीं मांडलेली नसे. तो हिशेब आला गिरणीबरोबर.

मुंबईस १८५४ सालीं कापडगिरणीचा पाया घातला गेला आणि पुढील तीस वर्षांत परळच्या बाजूस धुराडीं उभीं राहिलीं. दिवस उजाडला कीं यंत्र सुरू व्हावें आणि मावळला कीं थांबावें, हा क्रम. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा व एक तासाची विश्रांति दिली; सात वर्षांचें मूल नऊ तास राबतें, ही गोष्ट त्या काळीं सुधारणा म्हणून गणली गेली! प्रौढ कामगारांविषयीं मात्र कायदा मौन धरून होता.

हें मौन मोडलें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं. लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं परळ येथें गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांतील मागण्या आज वाचतांना त्यांच्या माफकपणाचेंच आश्चर्य वाटतें : रविवारची सुटी, आणि दुपारीं अर्धा तास विसांवा. काम नको असें त्यांत कोठेंही नाहीं. चालत्या यंत्रापुढें मिळेल त्या क्षणीं घास गिळणाऱ्या माणसाला तीस मिनिटें स्वतःचीं म्हणून हवीं होतीं, इतकेंच. सहा वर्षांनीं, १८९० च्या एप्रिलांत, महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांचा मेळा जमला. तेथें दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यानें दुपारच्या अर्ध्या तासावर सरकारी शिक्का बसला.

मुंबईचा कामगार मधूनमधून यंत्र सोडून विडी ओढावयास जातो, ही तक्रार त्यानंतरही चालू राहिली. १९०८ च्या कमिशननें तिची नोंद केली आहे. त्या तक्रारींतच तिचें उत्तर होतें. जो विसावा उघडपणें पुरेसा मिळत नाहीं, तो शरीर गुपचुप घेतें.

याच सुमारास अमेरिकेंत विसाव्याचा विचार निराळ्याच हेतूनें चालला होता. बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत १८९९ सालीं फ्रेडरिक टेलर यानें कच्च्या लोखंडाचे ९२ पौंडी ठोकळे गाडींत भरण्याचें काम तपासलें. माणशीं दिवसाला साडेबारा टन माल भरला जाई, तो आपण साडेसत्तेचाळीस टनांवर नेला, असें त्यानें पुढें लिहिलें. युक्ति एवढीच कीं, दिवसाचा शेंकडा ५७ भाग मजुराचे हात रिकामे असले पाहिजेत. पण ते केव्हां रिकामे असावे हें मजुरानें ठरवावयाचें नव्हतें. घड्याळवाला शेजारीं उभा. त्यानें ‘उचल’ म्हटलें कीं उचलावयाचें, ‘बैस’ म्हटलें कीं बसावयाचें. ही हकीगत टेलरनें बरीच रंगविली होती, असें उत्तरकालीन संशोधकांचें मत आहे; परंतु थकव्याचें गणित त्यानें ओळखलें होतें, यांत संशय नाहीं.

पहिल्या महायुद्धांत दारूगोळ्याच्या कारखान्यांनीं इंग्लंडलाही हाच धडा दिला. १९१५ सालीं नेमलेल्या कमिटीला असें दिसून आलें कीं, रविवारींही अखंड काम केल्यानें माल त्या मानानें वाढत नाहीं.

सर्वांत बोधप्रद प्रयोग मात्र १९२७ सालीं शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यांत सुरू झाला. टेलिफोनचे रिले जुळविणाऱ्या पांच तरुणींना एका निराळ्या खोलींत बसवून विश्रांतीचे निरनिराळे प्रकार करून पाहिले. आधीं पांच-पांच मिनिटांचे दोन विसावे, मग दहा-दहा मिनिटांचे; उत्पादन वाढत गेलें. मग पांच मिनिटांचे सहा विसावे दिले, तेव्हां मुलींनीं कुरकुर केली. हात बसतो न बसतो तोंच उठावें लागतें, कामाची लय तुटते, असें त्यांचें म्हणणें. विसावा जितका अधिक तितकें काम चांगलें, असा सरळ हिशेब नाहीं, हें त्या कुरकुरीनें दाखविलें. पुढें सकाळच्या विसाव्यांत फराळही देण्यांत आला. शेवटीं सर्व विसावे काढून घेतले, तरी आठवड्याचें एकूण उत्पादन घसरलें नाहीं! पंडितांनीं त्याचे अर्थ नाना प्रकारें लावले, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाहीं. एक गोष्ट मात्र नोंदीवरून दिसते : त्या खोलींत मुलींना त्यांचें मत विचारलें जात असे, आणि तें कारखान्यांतील इतर दालनांत सहसा घडत नसे.

घड्याळ खऱ्या अर्थानें काम करणाऱ्याच्या हातीं आलें तें १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, इटलींत. फ्रांचेस्को सिरिल्लो नांवाच्या विद्यार्थ्याचें अभ्यासांत चित्त लागेना. थोडीं मिनिटें तरी खरोखर अभ्यास करून दाखव, अशी त्यानें स्वतःशींच पैज मारली आणि त्यासाठीं स्वयंपाकघरांतील टोमॅटोच्या आकाराचें गजराचें घड्याळ घेतलें. टोमॅटोला इटालियन भाषेंत पोमोदोरो म्हणतात. तेंच त्या पद्धतीचें नांव झालें. कामाचीं मिनिटें शेवटीं २५ ठरलीं, आपल्या घटकेहून एकच मिनिट अधिक. त्यांनंतर पांच मिनिटें विसावा. या घटकेचे तुकडे होत नाहींत, हा त्यांतील कडक नियम. मध्यें कोणी हांक मारली आणि काम सुटलें, तर अर्धी घटका झाली असें म्हणतां येत नाहीं. ती बाद धरून पुनः आरंभापासून मोजावयाची. गजर होईपर्यंत चित्त ठरलें, तर कागदावर एक फुली मारावयाची. अशा चार फुल्या झाल्या म्हणजे पंधरापासून तीस मिनिटांपर्यंत मोकळीक, आणि ती केव्हां संपवावयाची हें फुल्या मारणाऱ्यानेंच ठरवावयाचें.