जीएलपी-१ इंजेक्शनांमधील बदल
मधुमेह व लठ्ठपणावरील एका साप्ताहिक इंजेक्शनावरून दुसऱ्यावर जाण्याची प्रक्रिया. भारतात मौंजारो (टिर्झेपटाइड) मार्च २०२५ मध्ये, तर वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) जून २०२५ मध्ये उपलब्ध झाले. दोहोंच्या मिलिग्रॅम मात्रा समतुल्य नसतात. त्यामुळे नवे औषध सामान्यतः अल्प मात्रेने, जुन्याच्या शेवटच्या मात्रेनंतर सुमारे आठवड्याने सुरू करतात. टिर्झेपटाइडची प्रारंभिक मात्रा २.५ मिग्रॅ. असते. दोन्ही एकत्र घेऊ नयेत. सोबत इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (मधुमेहाच्या गोळ्यांचा एक गट) चालू असल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटू शकते. साठवण २ ते ८° से. तापमानात करतात. कडक उन्हाळ्यात प्रवासात शीतपेटी आवश्यक ठरते. गोठलेले औषध वापरू नये. तीव्र पोटदुखी वा सततच्या उलट्या झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. हा बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा.