चौकड्यांची वंशावळ

स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांचे वर्णन करणारा एक ग्रंथ १७०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. मार्टिन मार्टिन हा त्याचा कर्ता स्वतः स्काय बेटाचा रहिवासी, आणि त्याने विणकामाविषयी जो थोडका मजकूर लिहून ठेवला आहे त्यावाचून टार्टन नावाच्या जगप्रसिद्ध चौकड्याच्या लोकरी कापडाचा इतिहास नीट उलगडत नाही. प्लेड, म्हणजे अंगाभोवती लपेटण्याचे लांबरुंद वस्त्र, विणावयाचे झाले की तेथील स्त्रिया त्याचा नमुना लाकडाच्या एका तुकड्यावर उतरवून घेत आणि प्रत्येक पट्ट्यात धागे किती याची गणती त्या लाकडावर राखीत. बेटाबेटाचे नमुने निरनिराळे असल्यामुळे नुसत्या वस्त्रावरून माणसाचा मुलूख ओळखता येतो, असेही तो सांगतो. मुलूख ओळखता येतो. कुळ ओळखता येते, असे मात्र तो कोठेही म्हणत नाही. आज एडिंबरोच्या दुकानांत आडनाव सांगताच त्या आडनावाचे ठाण काढून समोर पसरणारा विक्रेता ज्या परंपरेच्या बळावर बोलतो ती परंपरा मार्टिनच्या काळी जन्मावयाची होती, आणि जन्मली तेव्हाही ती रणांगणावर जन्मली नाही, कारकुनाच्या वहीत जन्मली.

कापड स्वतः मात्र पुरातन आहे, यात शंका नाही. फॉलकर्क येथे रोमन तटाच्या आसमंतात सापडलेल्या, चांदीच्या नाण्यांनी भरलेल्या मडक्याबरोबर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील लोकरीचा जो तुकडा मिळाला, त्यात मेंढीच्या अंगचे फिके आणि गडद असे दोनच नैसर्गिक रंग आहेत. ग्लेन अफ्रिकच्या दलदलीत सापडलेला आणि २०२३ साली कालनिर्णय झालेला दुसरा तुकडा साधारणतः १५०० ते १६०० या काळातला ठरला असून त्यात रंगविलेल्या सुताचे पट्टे दिसतात. हे तुकडे कोणत्या कुळाचे, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

कुळप्रमुखांना एकरूपतेची हौस नव्हती असेही नाही. १७०४ साली ग्रांट घराण्याच्या प्रमुखाने आपल्या रयतेस तांबड्या-हिरव्या टार्टनचे अंगरखे शिवून घेण्याचा हुकूम फर्मावल्याची नोंद उपलब्ध आहे. परंतु त्यानंतर दहाच वर्षांनी रिचर्ड वेट या चित्रकाराने त्याच घराण्यातील माणसांची जी व्यक्तिचित्रे रंगविली, त्यांत एकाचा चौकडा दुसऱ्याच्या चौकड्याशी जुळत नाही. (मराठ्यांचा इतिहास लिहिणारा साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रांट डफ हाही याच आडनावाचा, स्कॉटलंडमधील बॅन्फचा, त्याच्याही पूर्वजांची वस्त्रे अशीच बेशिस्त असावीत, असे मानावयास हरकत नाही.) स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातल्या, म्हणजे हायलँडच्या, बंडखोरांचा सरकारी फौजेने जीत मोड केला त्या १७४६ च्या एप्रिलमधील कलोडनच्या लढाईचे डेव्हिड मोरियरने काढलेले चित्र पाहावे, तर त्यातील एकेका हायलँडराच्या अंगावर एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन नमुने दिसतात. त्या धुमश्चक्रीत स्वपक्ष आणि परपक्ष ओळखावयाचा तो टोपीवरच्या फितीच्या फुलावरून. कापडावरून ओळखू गेलेला शिपाई स्वकीयांच्याच तलवारीखाली सापडला असता.

कलोडननंतर विजयी सरकारने कायदा करून हायलँडच्या पुरुषांना व मुलांना किल्ट (कमरेभोवतीचे चुणीदार वस्त्र), प्लेड आणि टार्टनचा अंगरखा वापरण्याची बंदी केली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद आणि दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी अशी तीत सजा होती, आणि ती बंदी १७८२ पर्यंत टिकली. सरकारी फौजेतील हायलँड पलटणींना मात्र सूट होती. ब्लॅक वॉच या पलटणीचा गर्द निळा, काळा व हिरवा चौकडा हाच अशा रीतीने सरकारमान्य नमुना झाला, आणि पुढे उभ्या राहिलेल्या पलटणींनी त्याच्यावर एखाद-दुसरी रेघ चढवून आपले वेगळेपण साधले. १७९३ साली सीफोर्थच्या मॅकेंझीने उभारलेल्या ७८ व्या पलटणीने त्यावर पांढरी आणि तांबडी रेघ घातली. हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालन्याजवळच्या असईच्या मैदानात शिंदे व भोसले यांच्या तोफांसमोर इंग्रज सेनापती वेलेस्लीच्या बाजूने उभी होती. मॅकेंझी कुळाचा म्हणून आज मिरविला जाणारा टार्टन तो हाच, म्हणजे मुळात सरकारी कोठाराचा माल.

परंतु नावांचा खरा कारखाना निघाला तो बॅनकबर्न येथे. विल्यम विल्सन याने १७६५ च्या सुमारास सुरू केलेली ही विणकामाची पेढी पलटणींचे मक्ते घेऊन वाढली, आणि तिने आपले नमुने रंगवार व धागेवार लिहून ठेवण्याची शिस्त पाळली. १८१९ साली सिद्ध झालेले तिचे नमुन्यांचे बाड आजही अभ्यासकांचा मुख्य आधार आहे. त्यात कित्येक नमुन्यांना फक्त क्रमांक आहेत, कित्येकांना शहरांची नावे आहेत, आणि कित्येकांना खपाच्या दृष्टीने बरी वाटली तशी कुळांची नावे दिलेली आहेत. त्यातील १५५ क्रमांकाच्या नमुन्याचे चरित्र एखाद्या बखरीला शोभावे असे आहे. किड नावाच्या कोणा गृहस्थाने वेस्ट इंडीजमधील आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी हा माल घाऊक उचलला, म्हणून तो काही काळ ‘किड’ या नावाने ओळखला गेला. आणि त्यानंतर क्लूनीच्या मॅकफर्सन प्रमुखास तोच नमुना पसंत पडल्यावर तो मॅकफर्सन कुळाचा झाला. गुलामाच्या पाठीवरून सरदाराच्या खांद्यावर येण्यास त्या कापडाला एक धागाही बदलावा लागला नाही. विल्सनला मी दोष देणार नाही. ग्राहकाने नाव मागितले, व्यापाऱ्याने दिले.

ही मागणी उत्पन्न केली ती लंडनच्या हायलँड सोसायटीने. १८१५ साली तिने कुळप्रमुखांकडे खलिते धाडून आपापल्या अस्सल टार्टनचा तुकडा मोहोर लावून पाठविण्याची विनंती केली, तेव्हा खुद्द लॉर्ड मॅकडोनल्डने उत्तर दिले, की आमचा टार्टन नेमका कोणता हे मला ठाऊक नाही, तरी आपणच तो शोधून पाठवावा, म्हणजे मी त्यावर आपली मोहोर उठवीन! आपल्याकडे कुलवृत्तांत सिद्ध करताना संपादकाने मूळपुरुषाची माहिती मागवावी आणि घराण्यातील वडीलधाऱ्याने ती संपादकाकडेच विचारावी, तशातलाच हा प्रकार. सात वर्षांनी, १८२२ च्या ऑगस्टमध्ये, चौथा जॉर्ज एडिंबरोस आला आणि कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटच्या योजनेनुसार सारे नगर चौकड्यांनी नटले. ज्यांच्या पूर्वजांनी हायलँडच्या लोकांना चोर-दरोडेखोर समजून त्यांच्यासाठी फास तयार ठेवले होते, ते सखल प्रदेशातील सभ्य गृहस्थ रातोरात आपल्या कुळाचा टार्टन शोधू लागले. स्थूलकाय राजाने गुलाबी पायमोज्यांवर किल्ट परिधान केला, याची टवाळी तत्कालीन व्यंगचित्रकारांनी यथेच्छ केली आहे.

अखेरचा कळस चढविला तो कलोडनला मोडलेल्या बंडाचा नायक राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याचे नातू म्हणविणाऱ्या दोन तोतया बंधूंनी. त्यांनी १८४२ साली एका कथित प्राचीन हस्तलिखिताच्या आधारे ‘वेस्टियारियम स्कॉटिकम’ हा ७५ टार्टनांचा ग्रंथ छापला. हस्तलिखित बनावट होते. पण त्यातील नमुने सुबक होते, आणि अनेक कुळे आजही तेच वापरतात. बनावट दस्तऐवजावरून मिळालेले वतन तीन पिढ्या वहिवाटले की ते कोण परत घेणार?

या सगळ्या नावांच्या गलबल्यात अविचल राहिली ती धाग्यांची गणती. टार्टन विणावयाचा म्हणजे रंगांचा एक ठरावीक अनुक्रम ताण्यात लावावयाचा, तोच बाण्यात लावावयाचा, आणि बहुधा मध्यावर आरशासारखा उलटा फिरवावयाचा. या अनुक्रमाला ‘सेट’ म्हणतात. दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जाणाऱ्या तिरप्या विणीमुळे जेथे एकच रंग स्वतःला छेदतो तेथे तो शुद्ध दिसतो, आणि दोन भिन्न रंग जेथे भेटतात तेथे तिसरीच छटा उमटते. म्हणून दोन रंगांतून तीन छटा निघतात, चारांतून दहा, आणि सहांतून एकवीस. हौशी रचनाकार फसतो तो येथेच. प्रत्येक मंडळाला आपल्या बोधचिन्हातील सारे रंग कापडात हवे असतात. तांबडा आणि हिरवा सारख्या रुंदीने भिडवला की दुरून चिखलाचा रंग दिसतो, हे माग चालू होईपर्यंत कोणी लक्षात घेत नाही. दोन भरदार रंगांची भूमी धरून तिच्यावर एकच उजळ रेघ ओढणारा नमुना मला सर्वांत देखणा वाटतो, आणि पलटणींच्या जुन्या रचनाकारांची तजवीजही बहुधा तशीच होती.

मोटारीच्या जगात हे कापड शिरले ते दोन दारांनी. एक शर्यतीचे: एडिंबरोच्या एकुरी एकोस या चमूच्या निळ्या मोटारींनी १९५६ व १९५७ साली ल मान्सची शर्यत जिंकली, आणि पुढे त्याच चमूतून नावारूपाला आलेल्या जॅकी स्टुअर्टने आपल्या पांढऱ्या शिरस्त्राणाभोवती रॉयल स्टुअर्ट टार्टनचा पट्टा मिरवीत १९६९, १९७१ व १९७३ अशी तीनदा विश्वविजेतेपदे मिळविली. दुसरे दार बैठकींचे. फर्डिनांड पोर्शच्या कन्येला, लुईझ पीएख यांना, १९७४ साली सत्तराव्या वाढदिवसानिमित्त भेट मिळालेल्या पोर्श टर्बोच्या आसनांवर तांबडा-निळा टार्टन होता. आणि १९७६ च्या फोक्सवागन गोल्फ जीटीआयसाठी गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या रचनाकर्तीने जो काळा-तांबडा चौकडा निवडला, त्याला कोणतेही कुळ नसताना त्या मोटारीच्या चाहत्यांनी तो कुळचिन्हासारखाच जपला.

तेव्हा एखाद्या मोटार-क्लबाने आपला स्वतंत्र टार्टन करवून घेतला, तर नाक मुरडण्याचे कारण नाही. स्कॉटिश संसदेच्या २००८ च्या कायद्यान्वये टार्टनांची सरकारी नोंदवही निर्माण झाली, आणि २००९ पासून ती राष्ट्रीय दफ्तराच्या ताब्यात आहे. कायद्याची व्याख्या उदार आहे: दोन किंवा अधिक रंगांचे पट्टे उभे-आडवे मिळून पुनरावृत्त होणारा, विणता येण्याजोगा चौकडा तो टार्टन. अर्जदाराने दरखास्तीबरोबर रंग, धाग्यांची गणती, रचनेमागील हेतू आणि घेतलेल्या नावाशी आपला संबंध ही सारी माहिती द्यावी, शुल्क भरावे, आणि नमुना पूर्वीच्या नोंदींहून पुरेसा निराळा असावा, इतकीच अपेक्षा असते. कुळ, प्रांत, पलटण यांच्याबरोबर संस्था आणि मंडळे यांचाही स्वतंत्र वर्ग तेथे आहे. १९०३ च्या आयर्लंडमधील गॉर्डन बेनेट शर्यतीपासून ब्रिटिश मोटारींशी जोडला गेलेला गर्द हिरवा, त्यावर आसनांच्या कातड्याचा तपकिरी आणि क्लबाच्या बिल्ल्याची एक पिवळी रेघ, इतके सामान एका नमुन्यास पुरते.

नोंदणीचा दाखला हाती आला तरी दोन गोष्टी उरतात. नोंदणीमुळे नमुन्याची मालकी सिद्ध होत नाही, कारण नोंदवही केवळ अस्तित्वाची तसदीक करते, स्वामित्वहक्काची नव्हे. तो हक्क राखावयाचा तर निराळा कायदा धुंडाळावा लागतो. आणि किल्टसाठी विणलेले लोकरी ठाण मोटारीच्या आसनावर जसेच्या तसे ताणून बसविले तर बसण्या-उठण्याच्या घर्षणाने ते लवकर झिजते. म्हणून विणकाम-कारखान्यास मागणी पाठविताना गळपट्टे किती, आसने किती, आणि आसनांचे कापड जाड सुताचे हवे, हे क्लबाच्या चिटणिसाने सुरुवातीलाच लिहून द्यावे.