२० जुलै २०२० : सह्याद्रीवर ‘टिलीमिली’

कोरोनामुळे शाळांना कुलूप असताना, याच दिवशी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. भाग २५ मिनिटांचा. रविवार सोडून रोज सकाळी साडेसातपासून दुपारी साडेबारापर्यंत एकेका इयत्तेची पाळी.

साताऱ्याचं कांदाटी खोरं काय, सांगलीच्या जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्या काय, तिथे ऑनलाइन शाळा म्हणजे बोलाचीच कढी. रेंज नाही, आणि घरातला एकुलता मोबाइल वडिलांच्या खिशात, कामावर. पत्र्यावर डिशची छत्री असलेल्या घरात सह्याद्री मात्र फुकट दिसे. पहिली-दुसरीच्या चिमुरड्यांना या मालिकेने फळ्यापुढे बसवलं नाही. घर, अंगण, शेत यांतल्या वस्तू हाताळत, घरच्यांना सोबत घेऊन शिकायला लावलं. तिचं खरं मोठेपण हेच.

पण ‘टिलीमिली’ पहिलीपासून पुढची; त्याआधीच्या मुलांचं काय? अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ला सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मालिकेने शाळेआधीच्या मुलांसाठी टीव्ही कामाला लावला; पुढे अक्षरं-आकड्यांच्या जोडीला आरोग्याच्या सवयीही आणल्या. हात धुण्यापासून ताटातल्या पालेभाजीपर्यंत सगळं मराठीत सांगणारी रोजची मालिका आपल्या अंगणवाडीच्या मुलांनाही मिळायलाच हवी.