सातपुड्याच्या घळी कागदावर

महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा जेमतेम 54 किलोमीटरचा काठ आला आहे. तो सगळा नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या सातपुड्याच्या घळींत आहे. हा भाग ज्यात होता तो खानदेश 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला आणि 1827 पासून चार मैलांना एक इंच या मापाचा हिंदुस्थानचा अ‍ॅटलास निघू लागला. त्या मापात एखादी दरी नखाएवढी उरते.

1852 मध्ये खानदेशात महसुली मोजणी आली, तेव्हा सावदा-एरंडोलकडचे शेतकरी सरकारविरुद्ध उठले. मोजणीदाराची शंकू साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. तिच्या लांबीरुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा. पण साखळी सारा मिळेल तिथेच पडते. भिल्ल-पावरांच्या डोंगरउतारांवर ती फिरकली नाही, यात नवल नव्हते.

डोंगर मोजले ते दुसऱ्याच खात्याने. 1905 नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने मैलाला एक इंच मापाचे रंगीत नकाशे हाती घेतले. तिपाईवर फळी, फळीवर कागद, कागदावर नेम धरायची रोखपट्टी. ओळखीची तीन शिखरे दिसली की त्यांच्याकडून उलट काढलेल्या रेषा जिथे मिळतील, तिथे आपण उभे आहोत असे समजायचे. घळीच्या तळाशी शिखर कुठले दिसणार? म्हणून प्रत्येक वळणाला पुन्हा वर चढायचे. अस्तंभा आणि तोरणमाळसारखी उंच ठिकाणे अशा वेळी उपयोगी पडत. काम हिवाळ्या-उन्हाळ्यातले, पावसाळ्यात कचेरीत बसून शाई.

1956 नंतर मैल-फूट जाऊन 1:50,000 हे माप आले. तोरणमाळ, धडगाव, अक्कलकुवा हा भाग 46 के या क्रमांकाखाली येतो. समान उंचीच्या रेषा साधारण 20 मीटरच्या अंतराने. कडा असेल तिथे त्या एकमेकींना चिकटतात.

1979 मध्ये नर्मदा जलविवाद लवादाने नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची पाण्याची पातळी 455 फूट, म्हणजे 138.68 मीटर ठरवली. ही रेषा त्या नकाशावर नव्हतीच. 120 आणि 140 यांच्या मध्ये ती प्रत्यक्ष जमिनीवर शोधावी लागली. मणिबेलीसह महाराष्ट्रातली 33 गावे तिच्या बुडिताच्या कक्षेत आली. त्यांतली कित्येक वनगावे होती. डोंगराची उंची कागदावर होती, पण कसणाऱ्याचा सातबारा नव्हता, आणि भरपाईसाठी तर सातबाराच मागितला जात होता.

2006 च्या वनहक्क कायद्यानंतर दाव्यातली शेते मोजायला जीपीएस यंत्र आले. ते हातात धरून बांधाबांधाने शेताला फेरी मारायची, की साखळी न पोचलेल्या जमिनीची हद्द पडते.