सौंदर्यप्रसाधनांची पुनर्खरेदी : समाधान, सवय आणि सापळा

सौंदर्यप्रसाधनाची पहिली खरेदी जाहिरात, दुकानदाराची शिफारस किंवा निव्वळ कुतूहल यांमुळे होऊ शकते. तेच उत्पादन पुन्हा विकत घेणे, म्हणजेच पुनर्खरेदी, ही मात्र मुख्यतः ग्राहकाच्या स्वतःच्या अनुभवावर अवलंबून असते.

भारतातील शाम्पूची पुडी हे याचे ठळक उदाहरण आहे. तमिळनाडूतील कडलूर येथील सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली १५ हजार रुपयांच्या भांडवलावर ‘चिक’ शाम्पूचा व्यवसाय सुरू केला. पाच रिकाम्या पुड्या परत केल्यास एक पुडी मोफत, अशी योजना त्यांनी आखली. प्रारंभी कोणत्याही कंपनीच्या पुड्या स्वीकारल्या जात. पुढे केवळ ‘चिक’च्याच. पहिल्या टप्प्याने इतरांचे ग्राहक नवे उत्पादन वापरून पाहू लागले, तर दुसऱ्याने त्याच ग्राहकांना पुन्हा खरेदीस प्रवृत्त केले. केसांत फुले माळण्याची प्रथा असलेल्या दक्षिणेत मोगरा व गुलाबाचे सुगंधही उपयुक्त ठरले.

फेस, सुगंध आणि केसांचा मऊपणा यांचा प्रत्यय पहिल्याच वापरात येतो. त्वचेच्या प्रसाधनांचे तसे नसते. त्वचेचा बाह्य थर नवा होण्यास साधारणतः चार आठवडे लागतात. तोपर्यंत स्पर्श, वास, चिकटपणा व जळजळ यांवरूनच ग्राहक मत बनवतो. परवडणारी किंमत, जवळच्या दुकानातील उपलब्धता आणि प्रत्येक वेळी तोच दर्जा यांमुळे हे मत दृढ होते.

तथापि, पुनर्खरेदी हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. स्टेरॉइडयुक्त मलम हे औषध आहे. तरीही गोरेपणासाठी त्याचा सर्रास गैरवापर होतो. काही दिवसांत चेहरा उजळलेला दिसतो. दीर्घ वापरानंतर ते थांबवताच लाली, पुरळ व दाह उद्भवू शकतो आणि तो शमवण्यासाठी ग्राहक पुन्हा त्याच मलमाकडे वळतो. ही पुनर्खरेदी समाधानातून नव्हे, तर अवलंबित्वातून घडते. अशा अनेक मलमांचा केंद्र सरकारने २०१८ मध्ये औषध नियमांच्या ‘एच’ अनुसूचीत स्पष्टपणे समावेश केला. त्यामुळे त्यांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक आहे.

म्हणून पुन्हा खरेदी करण्यापूर्वी वेष्टनावरील घटक व वापराची अंतिम मुदत तपासावी. वापर थांबवताच त्रास होत असल्यास नवी ट्यूब घेण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.