पात्याचं पाणी: गारेच्या दगडापासून कमानपाट्यापर्यंत

खुरपं, विळा, कोयता रोज आपल्या हातात असतो. पण माणसानं पहिलं पातं कसं घडवलं, याची गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. त्यातला एक मोठा भाग आपल्याच पुणे जिल्ह्यातला आहे, म्हणून आज थोडं त्यावर.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. 1600 ते 700 च्या सुमारास तिथं शेतकरी नांदत होते. सातू हे त्यांचं मोठं पीक. तांबं त्यांना माहीत होतं, पण ते मिळायचं थोडं. त्यामुळं रोजची पाती गारेच्या जातीच्या दगडाची. दगड आधी असा फोडायचा, की त्यावर एक सरळ कणा उठेल. मग त्या कण्याच्या रेषेत नेमका जोर दिला की लांबट, पातळ पातं सुटायचं. धार जन्मतःच असायची, घासायची गरज नाही. अशी छोटी पाती लाकडात किंवा हाडात ओळीनं बसवली की विळा तयार. एक तुकडा उडाला तर तेवढाच बदलायचा. आज आपण कडबाकुट्टीचं पातं बदलतो, तसंच बघा.

लोखंड आलं आणि काम बदललं. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला सुमारे 2700 वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. त्याच भागातल्या दगडी वर्तुळांच्या दफनांत कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या मिळाल्या. लोखंड दगडासारखं तुटत नाही, पण त्याला धार आयती येत नाही. ती ठोकून, घासून आणि पाणी देऊन आणावी लागते. पुढची सगळी लोहारकी या तीन कामांतच आहे.

गावगाड्यात लोहार बलुतेदार होता. वर्षाचं बलुतं खळ्यावर धान्यात मिळायचं. ते कधी अपुरं, कधी उशिरा, हे खरंच. पण यात एक मेख होती. तुम्ही विळा पाजवायला दोनदा या नाहीतर दहादा या, धान्य तेवढंच. मग पातं टिकाऊ करण्यात लोहाराचाच फायदा. आज विकणाऱ्याचा फायदा नवीन विळा खपण्यात आहे. फरक इथं पडला.

गावोगाव फिरणारे घिसाडी हा दुसरा आधार. नवरा सांडशीत लोखंड धरणार आणि बायको घण मारणार, हे दृश्य पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल. त्यांनी ट्रकचा जुना कमानपाटा हेरला. त्यात साधारण अर्धा टक्क्याच्या वर कार्बन असतो, म्हणून तो पाणी धरतो. बांधकामाची साधी सळई तसं धरत नाही.

पहिलं पातं करणाऱ्यानं क्रम सोडू नये. पाटा लाल करून राखेत सावकाश गार होऊ द्यायचा, म्हणजे तो मऊ पडतो आणि कानस लागते. मग तापवून ठोकून आकार द्यायचा. पाठ जाड, धारेकडं उतार, मागं मुठीत जाणारी शेपटी. घासताना दोन्ही बाजू सारख्या घासायच्या, पण धार अजून काढायची नाही. कडेला एखादा मिलिमीटर जाडी ठेवायची. फार पातळ केलं तर पाणी देताना पातं वाकतं किंवा तडकतं.

मग पाणी. पातं सारखं लाल करायचं. लोहचुंबक चिकटायचं थांबतं ते सुमारे 770 अंशांना. त्याहून थोडं पुढं नेऊन कोमट तेलात बुडवायचं. आता ते काचेसारखं कडक, पण ठिसूळ. म्हणून घासून चकचकीत करून पुन्हा मंद तापवायचं. गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग आला, म्हणजे साधारण 220 अंश, की थांबायचं. जुने लोहार हे एकाच तापात करायचे. फक्त धार बुडवायची, पाठीतली धग धारेकडं सरकू द्यायची आणि रंग बघून पुन्हा बुडवायचं. त्यांच्याकडं थर्मामीटर नव्हता, डोळा होता.

शेवटची धार निसण्यावर, पाणी घालत. ग्राइंडरवर कड निळी पडली तर समजा, तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकणार नाही. पाजवणारा भरभर ठिणग्या उडवत असेल तर त्याला थांबवा.

आमच्या देहूरोडच्या आसपास, पिंपरीपासून चाकणपर्यंत, गिअर आणि शाफ्टला हेच कडक करायचं काम भट्ट्यांत रोज चालतं. कमानपाटे भंगारात पडलेले आहेत. कारखान्यात जाणाऱ्या आपल्या पोरांना पोलादाचे नंबर पाठ आहेत. फक्त रंग बघून पाणी देणारा माणूस गावात उरत नाही. तुमच्या गावात अजून कुणाचा भाता चालू असेल, तर नुसता विळा आणू नका. पोराला दिवसभर त्याच्याजवळ बसवा, आणि त्या दिवसाची मजुरी लोहाराला द्या.