मेपलच्या पाकाची काहील



ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना काहील म्हणजे काय हे सांगावयास नको. आज ज्या काहिलीची हकीकत सांगावयाची आहे, ती मात्र उसाच्या रसाची नव्हे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात आणि अमेरिकेतील व्हरमाँटसारख्या राज्यांत मेपल नावाचा वृक्ष विपुल आहे. हिवाळा सरता सरता, रात्री पाणी गोठावे आणि दिवसा वितळावे असे काही आठवडे येतात. त्या दिवसांत या झाडाच्या खोडाला छिद्र पाडून रस धरतात आणि तो आटवून पाक करतात. हा हंगाम बहुधा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातच येतो. मोठमोठ्या उत्पादकांप्रमाणेच परसातील दहावीस झाडांवर हौसेने पाक करणारी कुटुंबेही तिकडे पुष्कळ आहेत. अशा हौशी माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की काहील कोणती घ्यावी? प्रश्न घरगुती खरा; पण त्याचे उत्तर इतिहासातून शोधावे लागते.

प्रथम अडचण समजून घेऊ. उसाच्या रसात शेकडा पंधरा ते वीस भाग साखर असते; मेपलच्या रसात ती जेमतेम दोन भाग असते. व्हरमाँटमधील सी. एच. जोन्स या शास्त्रज्ञाने 1946 मध्ये यासाठी एक सोपा आडाखा प्रसिद्ध केला. 86 या संख्येला रसातील साखरेच्या शेकडेवारीने भागावे. जो आकडा येईल तितके लिटर रस एक लिटर पाकाला लागतो. दोन टक्के साखर असेल तर 43 लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. बाकीच्या 42 लिटरांची वाफ होते. पाणी लवकर कसे घालवावे, हाच या धंद्यातील खरा प्रश्न होय.

अबेनाकी, होडेनोशोनी, अनिशिनाबे इत्यादी मूळ रहिवाशांना या रसाचे ज्ञान फार पूर्वीपासून होते. लाकडी कुंडात वा सालीच्या भांड्यात तापलेले दगड टाकून ते रस आटवीत. रात्रीच्या थंडीत वर आलेला बर्फ काढून टाकूनही रस दाट करीत. युरोपीय लोकांबरोबर तांब्यालोखंडाच्या कढया आल्या. वसाहतवाल्यांनी अशा दोनतीन कढया ओळीने जाळावर टांगण्याची रीत पाडली. पहिलीतला रस आटला की दुसरीत, तेथून तिसरीत. परंतु कढई खोल आणि तोंडाला अरुंद. रस तासन् तास तापत राही, कडांना करपे आणि पाक काळपट होई.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या पाकाला नैतिक महत्त्व आले. वेस्ट इंडीज बेटांतील उसाची साखर गुलामांच्या श्रमावर तयार होत असे. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी 1791 मध्ये टॉमस जेफरसन यांना उद्देशून मेपलच्या साखरेवर एक पत्ररूप निबंध लिहिला. घरच्या माणसांनी घरच्या झाडांपासून केलेली साखर गुलामांच्या साखरेची जागा घेईल, अशी त्यांची आशा होती. जेफरसन यांनी आपल्या माँटिचेलो येथील मळ्यात मेपलची झाडे लावून पाहिली. ती तेथे रुजली नाहीत. जेफरसन स्वतः गुलाम बाळगून होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. मेपलची साखर उसाच्या साखरेची जागा घेऊ शकली नाही. दोन टक्क्यांचा रस आणि खोल कढई यांच्या बळावर ती घेणे शक्यही नव्हते.

सुधारणा आली ती एका ओळखीच्या धान्यामुळे. 1850 नंतरच्या दशकात अमेरिकेत गोड ताटांची ज्वारी लावू लागले. तिचा रस आटविण्यासाठी ओहायो राज्यातील मॅन्सफील्ड येथील डी. एम. कुक यांनी 1858 मध्ये एका पसरट काहिलीचे पेटंट घेतले. तिच्या तळावर आडव्या पट्ट्या बसविलेल्या असत. एका टोकाला ओतलेला कच्चा रस नागमोडी वाटेने पुढे सरके आणि दुसऱ्या टोकाला दाट होऊन बाहेर पडे. कढई बदलण्याचे काम उरले नाही. पुढे यादवी युद्धात दक्षिणेकडील उसाची काकवी उत्तरेला मिळेना, तेव्हा अशा काहिलींचा प्रसार झाला. हीच कल्पना मेपलच्या रसालाही लागू पडली. 1872 मध्ये व्हरमाँटमध्ये दोन काहिली व लोखंडी चुलाण यांची जोडणी निघाली. 1889 मध्ये कॅनडात तळाचा पत्रा पन्हळीसारखा दुमडून ज्वाळेला लागणारे क्षेत्र वाढविण्यात आले. उष्णता अधिकाधिक पृष्ठावर पसरविणे, हेच या साऱ्या सुधारणांचे सूत्र होते.

आता हौशी माणसाकडे वळू. साधी सपाट काहील दर चौरस फुटाला तासाला सुमारे चार लिटर पाणी घालविते. पन्हळी तळाची सुमारे दुप्पट. पंचवीस छिद्रांतून चांगल्या दिवशी शंभर लिटर रस मिळाला असे धरा. एक फूट व्यासाच्या पातेल्याच्या तळाचाच हिशेब केला, तर तासाला तीन लिटर आटतील. म्हणजे तेहतीस तास लागतील, आणि हा रस दुधासारखा नासणारा आहे. दोन फूट रुंद व तीन फूट लांब काहिलीत हेच काम चारसाडेचार तासांत होते. झाडे मोजावीत, फुरसतीचे तास मोजावेत आणि मग काहिलीचे माप ठरवावे.

तथापि मोठी काहील म्हणजे चांगली काहील, असेही नव्हे. शंभर लिटरांचा शेवटी पाक होतो सव्वादोन लिटर. त्या सहा चौरस फुटांवर तो पसरला तर थर भरतो केवळ चार मिलिमीटर. निमिषात करपून पत्राही वाया जाईल. म्हणून काहिलीत दीड इंच तरी रस राखावा, आणि दाट झालेला रस काढून लहान पातेल्यात, मंद आचेवर शेवटास न्यावा. त्या दिवशी पाणी ज्या उष्णतेला उकळते तिच्याहून सुमारे चार अंश सेल्सिअस वर गेले की पाक झाला असे समजावे.

मापाहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे काहिलीचा सांधा. जुन्या काहिली कथिलाच्या मुलाम्याच्या वा जस्ताच्या पत्र्याच्या असत आणि त्यांचे कोपरे शिसेमिश्रित डाखाने जोडलेले असत. मेपलचा रस किंचित आम्ल असतो. तो शिसे ओढून घेतो. पाणी वाफ होऊन जाते, शिसे मात्र पाकातच उरते. शिशाची मुलांना निर्धोक अशी कोणतीही मात्रा आज वैद्यकाला ठाऊक नाही. त्यांच्या मेंदूच्या वाढीवरच ते घाला घालते. 1990 नंतरच्या दशकाच्या मध्यापासून निर्मात्यांनी शिशाचा डाख सोडून दिला. तरी आजोबांच्या वेळची काहील कोठारातून निघते, स्वस्तात विकली जाते, आणि हौशी गिऱ्हाइकाला तिचा मोह पडतो. तिने तो मोह आवरावा हेच बरे. स्टेनलेस स्टीलची, वेल्डिंगने सांधलेली साधी सपाट काहील अशा जुन्या पन्हळी काहिलीपेक्षा शतपटीने चांगली.

आपल्यापैकी कित्येकांचे आप्त आज टोरंटो किंवा बोस्टनच्या परिसरात स्थायिक आहेत. त्यांच्या परसात मेपल असेल, तर पुढल्या वसंतात हा प्रश्न त्यांच्याही घरात निघेल. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट शिजवू नये, हे आपल्या आजीला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकविले नव्हते. काहील घेताना त्यांनी आधी ती उलटी करून सांधे पाहावेत, आणि किंमत मागाहून विचारावी.